ऌ अक्षराचे गाव

मराठी वर्णमालेतल्या ऌ या स्वराला काम असे एकच आहे. 'कॢप्ती' हा शब्द लिहायचा आणि पुढची कॢप्ती येईपर्यंत तक्त्यात स्वस्थ बसून राहायचे. मुद्रितशोधनाच्या सव्वीस वर्षांत हा शब्द माझ्यासमोर जेव्हा जेव्हा आला, तेव्हा बहुतेक वेळा तो 'क्लृप्ती' असाच खिळवलेला असे. म्हणजे एका ऌ ऐवजी ल आणि ऋ असे दोघांना कामाला लावलेले असे. मी तो इमानाने दुरुस्त करीत असे आणि तो पुढच्या पुस्तकात पुन्हा तसाच येत असे. निवृत्त होताना हे अक्षर आता आपल्याला कायमचे सुटले, असे वाटले होते. ते मला पुन्हा भेटले स्लोवाकियात.

टाटांच्या मालकीच्या जग्वार लँड रोव्हर कंपनीचा कारखाना नित्रा या शहरात २०१८ मध्ये सुरू झाला आणि माझा मुलगा नोकरीनिमित्त तिथे गेला. मी त्याच्याकडे दोनदा राहून आले. इमारतीत खालच्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षिका राहत. त्यांना इंग्रजी थोडे येई, मला स्लोवाक सुरुवातीला अजिबात येत नसे, आणि आम्हा दोघींनाही वेळ घालवायचा होता. व्याकरणाच्या दोन म्हाताऱ्या समोरासमोर बसल्या की गप्पा कोणत्या वळणाने जाणार हे सांगायला नको. एके दिवशी त्यांनी नकाशावर एका खेड्याचे नाव दाखवले. रोमन लिपीत ह, ल आणि ब ही तीन व्यंजने लागोपाठ, मध्ये एकही स्वर नाही. हे उच्चारायचे कसे, असे मी विचारले, तेव्हा त्यांनी जिभेचे टोक टाळूच्या पुढच्या भागाला टेकवले आणि ल् वरच क्षणभर थांबून नाव घेतले: हॢबोके. मी वहीत देवनागरीत ते बिनचूक उतरवून घेतले आणि मग लक्षात आले, की कॢप्तीखेरीज दुसऱ्या कुठल्याही शब्दासाठी हे चिन्ह मी आयुष्यात पहिल्यांदा वापरले होते.

स्लोवाक भाषेत र् आणि ल् हे राजरोस स्वर होतात. लांडग्याला 'वॢक' म्हणतात, आणि संस्कृतातला 'वृक' हा त्याचा सख्खा भाऊ आहे. मरणाला 'स्मृत्य' म्हणतात. त्याचा स्मृतीशी काही संबंध नाही, आपल्या मृत्यूशी मात्र आहे. एवढेच नव्हे तर हे स्वर दीर्घही होतात. आपल्याकडे ॠ आणि ॡ ही अक्षरे शाळेच्या तक्त्यात जागा भरण्यापुरती उरली आहेत. तिथे ती रोजच्या बोलण्यात नांदतात. तर ते हॢबोके गाव दाखवून शिक्षिका म्हणाल्या, "आमची भाषा इथे ठरली."

भाषा 'ठरली' हा शब्दप्रयोग मला आधी खटकला. लग्न ठरते, भाव ठरतो. भाषा कशी ठरेल? मग त्यांनी स्लोवाकला लेखनभाषा मिळवून देणाऱ्या ल्युदोवीत श्टूर यांचे नाव सांगितले आणि पुढचे कित्येक महिने मी या एका माणसाच्या मागे लागले.

श्टूर यांचा जन्म ऑक्टोबर १८१५ मधला, उह्रोवेत्स नावाच्या लहानशा गावातला. वडील साम्युएल हे प्रॉटेस्टंटांपैकी ल्यूथरन पंथाच्या शाळेत शिक्षक होते. ज्या घरात श्टूर जन्मले, त्याच घरात शंभरेक वर्षांनी, १९२१ मध्ये, अलेक्सांडर दुब्चेक यांचा जन्म झाला. चेकोस्लोवाकियाच्या कम्युनिस्ट राजवटीत मोकळीक आणू पाहणाऱ्या १९६८ च्या 'प्राग वसंता'मुळे ज्यांचे नाव आपल्याकडच्याही वृत्तपत्रांत गाजले, ते हेच. एका खेड्यातल्या एका घराने देशाला दोन माणसे द्यावीत हा योगायोगच आहे, पण तो कोणत्याही कादंबरीकाराच्या हस्तलिखितात आढळला असता, तर मी समासात प्रश्नचिन्ह केले असते.

त्या काळी स्लोवाकिया नावाचा देश कुठल्याही नकाशावर नव्हता. हंगेरीच्या राज्याचा उत्तरेकडचा डोंगराळ भाग, आणि त्या राज्याचा मुकुट व्हिएन्नाच्या हाब्सबुर्ग घराण्याच्या डोक्यावर, अशी ती रचना होती. कायद्याची आणि दरबाराची भाषा लॅटिन होती, शहरांतल्या व्यापाऱ्यांची बरीचशी जर्मन. आणि लॅटिनच्या जागी हंगेरियन आणण्याची चळवळ जोरात होती, जिला १८४४ च्या कायद्याने यश आले. स्लोवाक माणूस या तिन्हींच्या खाली. त्यातही त्याला लिहिण्यासाठी एक भाषा नव्हती, दोन होत्या, आणि त्या धर्मपंथाप्रमाणे वाटल्या गेल्या होत्या. ल्यूथरन लोक सोळाव्या शतकाच्या अखेरीस छापलेल्या क्रालित्से बायबलची चेक भाषा वापरीत. चर्चमध्ये तीच, शाळेत तीच. कॅथलिकांसाठी आन्तोन बेर्नोलाक या धर्मगुरूंनी १७८७ मध्ये पश्चिमेकडच्या सुशिक्षितांच्या स्लोवाक बोलण्यावरून एक लेखनपद्धती बसवून दिली होती. एका पंथाचे पुस्तक दुसऱ्या पंथाच्या माणसाने हातात घेतले, तर अक्षरांवरूनच त्याला ते परक्या देवळातले आहे हे कळत असे. लेखनाची पद्धत माणसाचा पंथ सांगते, ही गोष्ट मला फारशी अपरिचित वाटली नाही.

श्टूर आधी ग्यूर येथे शिकले आणि १८२९ मध्ये आजची राजधानी ब्रातिस्लाव्या इथल्या ल्यूथरन विद्यालयात दाखल झाले. शहराचे तेव्हाचे स्लोवाक नाव प्रेश्पोरोक. जर्मन आणि हंगेरियन नावे वेगळी. या विद्यालयात चेक-स्लाव भाषा आणि साहित्याचे एक आसन होते, त्यावर युराय पालकोविच नावाचे वृद्ध प्राध्यापक होते, आणि विद्यार्थ्यांचे एक मंडळ होते. श्टूर या मंडळाचे प्राण झाले. २४ एप्रिल १८३६ रोजी हे तरुण शहराजवळच्या देवीन किल्ल्यावर गेले. डॅन्यूब आणि मोरावा या नद्यांच्या संगमावरचा हा किल्ला नेपोलियनच्या सैन्याने १८०९ मध्ये उद्ध्वस्त केलेला. त्या पडक्या भिंतींत उभे राहून त्यांनी कविता म्हटल्या, गाणी म्हटली आणि प्रत्येकाने आपल्या नावाला एक स्लाव नाव जोडून घेतले. श्टूर 'वेलिस्लाव' झाले. त्यांचे स्नेही योझेफ हुरबान यांनी 'मिलोस्लाव' घेतले आणि ते मात्र जन्मभर मिरवले. आज हे सारे जरासे पोरकट वाटते. पण विशीतल्या मुलांनी स्वतःचे नाव स्वतः ठेवून घ्यावे, ही पुढे येणाऱ्या गोष्टीची रंगीत तालीम होती, असे मला वाटते.

एक गोष्ट इथे सांगितली पाहिजे, कारण श्टूर यांना चेकद्वेष्टे ठरवणाऱ्यांना ती बहुधा आठवत नाही. त्याच १८३६ साली त्यांनी प्रागला इतिहासकार फ्रांतिशेक पालात्स्की यांना पत्र लिहिले होते. आमचे ल्यूथरन जी चेक वापरतात ती आमच्या सामान्य माणसाला आता कळेनाशी झाली आहे, तेव्हा चेकांनी काही स्लोवाक शब्द घ्यावेत, आम्ही काही चेक घेऊ, आणि दोघांची मिळून एक भाषा करू, असा तो प्रस्ताव होता. प्रागकडून त्याला प्रतिसाद मिळाला नाही. आधी जोडून पाहिले आणि मग तोडले, हा क्रम महत्त्वाचा आहे.

१८३८ ते १८४० अशी दोन वर्षे ते जर्मनीत हाले विद्यापीठात होते. भाषाशास्त्र, इतिहास आणि तत्त्वज्ञान शिकले. युरोपात भाषाशास्त्र ही त्या काळची सर्वांत ताजी विद्या होती आणि तिच्या मुळाशी संस्कृतचा शोध होता. वृक आणि वॢक यांचे नाते लावणारी विद्या हीच. जर्मन विचारवंत हेर्डर यांच्याकडून श्टूर यांनी लोकांची भाषा म्हणजे लोकांचा आत्मा ही कल्पना घेतली, तत्त्वज्ञ हेगेल यांच्याकडून इतिहासाला दिशा असते ही. दोन्ही कल्पना तरुण माणसाच्या हाती धोकादायक आहेत. परतल्यावर ते पालकोविच यांच्या हाताखाली, पण प्रत्यक्षात त्यांच्या जागी, शिकवू लागले.

आता हॢबोके. फेब्रुवारी १८४३ मध्ये श्टूर आणि त्यांचे जवळचे सहकारी यांचे मत बनले होते, की यापुढे मध्य स्लोवाकियातल्या बोलीवर आधारलेल्या भाषेत लिहायचे. जुलैमध्ये हुरबान यांच्या हॢबोके येथील पाद्री-निवासात तिघे एकत्र बसले: श्टूर, हुरबान आणि मिखाल मिलोस्लाव होजा. वये सत्तावीस, सव्वीस आणि एकतीस. काही दिवसांच्या चर्चेत व्याकरण कोणी लिहायचे, वृत्तपत्र कसे काढायचे, मंडळ कसे स्थापायचे, हे ठरले. कोणी सरकारने नेमलेले नव्हते, कोणा अकादमीचा ठराव नव्हता. मराठीच्या शुद्धलेखनाचे चौदा नियम १९६२ साली निघाले आणि पुढची चार कलमे यायला आणखी दहा वर्षे गेली. समित्या, उपसमित्या, मतभेदाच्या टिपणी यांच्या आठवणी सांगणारे वडीलधारे मी छापखान्यात पाहिले आहेत. त्यामुळे एका पाद्र्याच्या घरात जेवणाच्या टेबलाशी बसून तीन जणांनी अख्खी भाषा ठरवली, हे ऐकून मला आधी हेवा वाटला आणि मग थोडी भीती.

परंतु मला सर्वांत मोलाची वाटते ती एक भौगोलिक बाब. हॢबोके पश्चिम स्लोवाकियात आहे. हुरबान जन्मले ते बेत्स्कोव्हही पश्चिमेकडचे. श्टूर यांचे उह्रोवेत्स पश्चिमेच्याच बोलींच्या पट्ट्यात येते. तिघांपैकी फक्त होजा यांचा तुर्येत्सचा मुलूख मध्य भागातला. म्हणजे तिघांपैकी दोघांनी आपल्या आईच्या तोंडची बोली बाजूला ठेवून दुसऱ्यांची स्वीकारली. आपापल्या गावची बोली प्रमाण व्हावी म्हणून भांडणारी माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत. दुसऱ्याची बोली प्रमाण व्हावी म्हणून झटणारी माणसे पाहिलेली नाहीत. मध्य स्लोवाकची निवड करताना हिशेबही होता: डोंगराळ मुलखात चेकचा प्रभाव कमी पोचला होता, ही बोली पूर्वेला आणि पश्चिमेला सर्वांना समजण्याजोगी होती, आणि मुख्य म्हणजे तिच्यावर ना ल्यूथरनांचा शिक्का होता ना कॅथलिकांचा.

चर्चा संपवून तिघे जवळच्या दोब्रा व्होदा गावी यान होल्ली यांच्या भेटीला गेले. होल्ली हे कॅथलिक धर्मगुरू, वय अठ्ठावन्न. बेर्नोलाक यांच्या भाषेतले सर्वांत मोठे कवी. व्हर्जिलचे महाकाव्य त्यांनी त्या भाषेत आणले होते आणि राजा स्वातोप्लुक याच्यावर स्वतःचे महाकाव्यही रचले होते. ज्या भाषेत या माणसाने हयात घालवली, ती आता मागे पडणार, हे सांगायला तीन ल्यूथरन तरुण त्यांच्या दारात उभे होते. होल्ली यांनी त्यांना आशीर्वाद दिला. स्वतः मात्र ते आपल्या जुन्याच भाषेचे कवी राहिले. या भेटीविषयी शिक्षिका बोलल्या तेव्हा त्यांनी श्टूर यांच्याऐवजी होल्ली यांचेच कौतुक अधिक केले, आणि ते मला पटले.

श्टूर यांची चौकशी त्यापूर्वीच सुरू झाली होती आणि १८४३ च्या अखेरीस त्यांना अध्यापनाच्या जागेवरून दूर करण्यात आले. मार्च १८४४ मध्ये त्यांच्या बावीस विद्यार्थ्यांनी निषेध म्हणून शहर सोडले. त्यांतले तेरा दूर पूर्वेला लेवोचा येथील विद्यालयात गेले. याच दिवसांत यान्को मातुश्का या विद्यार्थ्याने एका लोकगीताच्या चालीवर तात्रा पर्वतावर वीज चमकते असे गीत रचले. ते आज स्लोवाकियाचे राष्ट्रगीत आहे. एका मास्तरांची नोकरी गेली आणि त्यातून देशाला राष्ट्रगीत मिळाले.

त्याच वर्षी हुरबान यांच्या वार्षिकाचा दुसरा अंक नव्या भाषेत निघाला. नव्या लेखनपद्धतीतले हे पहिले पुस्तक. त्याचे नाव 'नित्रा'. माझ्या मुलाच्या पत्त्यावरच्या शहराचे नाव. पहिला अंक दोनच वर्षांपूर्वी चेक भाषेत निघाला होता. १८४५ च्या १ ऑगस्टपासून श्टूर यांचे स्लोवाक वृत्तपत्र आठवड्यातून दोनदा निघू लागले, सोबत साहित्याची पुरवणी. आणि १८४६ मध्ये त्यांची दोन पुस्तके आली. एकात स्लोवाकमध्ये का लिहायचे याचा युक्तिवाद होता, दुसरे व्याकरण होते.

पहिल्याच्या नावात भाषेसाठी जो शब्द आहे, त्याचा आजचा अर्थ बोली असा होतो. श्टूर यांच्या मते स्लाव हे एक राष्ट्र होते आणि त्यातल्या प्रत्येक कुळाची आपापली बोली. स्लोवाक हे वेगळे कूळ आहे, म्हणून त्यांना वेगळी लिहिती बोली हवी, असा तो विचार आहे. म्हणजे वेगळे होताना त्यांनी घर सोडले नव्हते, घरातच वेगळी चूल मांडली होती. पण चूल वेगळी झाली, की घरातल्या वडीलधाऱ्यांना काय वाटते हे आपल्याला ठाऊक आहेच.

व्याकरणाच्या पुस्तकाकडे मात्र मी मुद्रितशोधकाच्याच नजरेने पाहिले. स्लोवाकमध्ये इकाराची दोन अक्षरे आहेत. शिकवताना त्यांना कोवळा इ आणि कडक इ म्हणतात. उच्चार दोघांचा एकच. तरीही 'बित्य' हा शब्द एका इकाराने लिहिला तर 'मारणे', दुसऱ्याने लिहिला तर 'असणे'. आपल्याकडे दिन आणि दीन यांत निदान तोंडाने फरक करता येतो; तिथे तोही नाही. कोणत्या शब्दात कडक इ येतो याची यादी स्लोवाक मुले शाळेत घोकून पाठ करतात, आणि मोठेपणी विसरतात. श्टूर यांनी हा कडक इ सरळ काढून टाकला. जे ऐकू येते तेच लिहायचे, हा त्यांचा दंडक. मृदू ल चे वेगळे अक्षर त्यांनी ठेवले नाही. घोड्याला आज 'क्वोन्य' म्हणताना ओकाराच्या डोक्यावर छत्री काढतात. श्टूर यांनी तिथे साधे उ आणि ओ लिहिले. 'होता' या अर्थी आजचे रूप 'बोल'. श्टूर 'बोउ' लिहीत, कारण मधल्या मुलखातला माणूस तसे म्हणत असे. न उच्चारले जाणारे अनुस्वार मराठीतून काढण्याविषयी जो वाद झाला, त्यात श्टूर कोणत्या बाजूला बसले असते हे सांगायला ज्योतिषी नको.

दुसरा एक नियम मात्र इतका सुंदर आहे की त्यासाठी मी त्यांचे पुष्कळ काही माफ करीन. स्लोवाक शब्दात दोन गुरू लगोलग येत नाहीत. आधीचे अक्षर दीर्घ असेल तर पुढच्या प्रत्ययाने आपोआप ऱ्हस्व व्हायचे. 'सुंदर' या अर्थाचा शब्द चेकमध्ये 'क्रास्नी' असा दोन्ही अक्षरे लांबवून म्हणतात. स्लोवाकमध्ये तो 'क्रास्नि' होतो, कारण 'क्रा' ने आपला दीर्घपणा आधीच खर्च केलेला असतो. लोकांच्या तोंडात हे होतेच. श्टूर यांनी आपल्या व्याकरणात ते नियम म्हणून मांडले आणि प्रमाण लेखनात आणले. याला अपवाद आहेत, पण शिक्षिका वाक्य वाचीत तेव्हा टेबलावर बोटाने ताल धरून मला हा नियम ऐकू येई. वृत्तांत लिहिणाऱ्या आपल्या कवींना लघु-गुरू मोजावे लागतात. इथे भाषाच ते मोजून ठेवते.

१८४६ मध्येच प्रागमधून उत्तर आले. यान कोल्लार हे स्वतः स्लोवाक, ल्यूथरन पाद्री, पेश्त शहरातल्या (आजच्या बुडापेस्टच्या एका भागातल्या) स्लोवाक मंडळीचे धर्मगुरू, आणि चेक भाषेतले ख्यातनाम कवी. श्टूर यांची पिढी त्यांच्याच कवितेवर वाढली होती. स्लावांच्या चार मोठ्या लेखनभाषा असाव्यात आणि प्रत्येक सुशिक्षिताने त्या चारही वाचाव्यात, असे कोल्लार यांचे मत; चारांची पाच करणे म्हणजे त्यांच्या दृष्टीने फितुरी होती. चेक, मोराव्हियन आणि स्लोवाक यांना एकच लेखनभाषा हवी असे सांगणाऱ्या अनेकांच्या लेखांचा त्यांनी एक ग्रंथ केला. भाषा गावंढळ आहे, अशी टीका त्या वादात झाली. गुराख्यांची, स्वयंपाकघरातली भाषा ग्रंथाला कशी चालेल, हा सूर. हा आक्षेप जगातल्या प्रत्येक भाषेवर कोणी ना कोणी घेतलेला आहे, त्यामुळे त्याचे मला काही वाटले नाही. मला कोल्लार यांचा दुसरा मुद्दा जास्त अस्वस्थ करतो: इतक्या थोड्या लोकांनी इतक्या वाईट वेळी आणखी थोडे व्हावे काय? हंगेरियनचा रेटा वाढत असताना तीन शतकांची चेक ग्रंथसंपदा सोडून देणे हा साहसाचा निर्णय होता. तो बरोबर निघाला हे आज आपण सांगतो. १८४६ मध्ये ते कोणालाही सांगता आले नसते.

पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १८४७ मध्ये, चाख्तित्से येथे दोन्ही पंथांच्या लोकांनी एकत्र बसून श्टूर यांच्या भाषेला मान्यता दिली. त्याच शरद ऋतूत श्टूर झ्वोलेन शहराचे प्रतिनिधी म्हणून हंगेरीच्या विधिमंडळात गेले, जिथे पेश्तचे प्रतिनिधी म्हणून हंगेरियन राष्ट्रीय चळवळीचे नेते लायोश कोशुत होते. वेठबिगारीच्या अंतासाठी आणि शाळांत मातृभाषेसाठी ते बोलले. मग १८४८ आले, युरोपभरच्या क्रांत्यांचे वर्ष. मे महिन्यात स्लोवाक लोकांच्या मागण्यांचे पत्रक निघाले आणि लगोलग हॢबोकेच्या तिघांवर पकड वॉरंटे निघाली. जूनमध्ये प्रागची स्लाव परिषद, सप्टेंबरमध्ये स्लोवाक स्वयंसेवकांचा उठाव. वृत्तपत्र बंद पडले. हंगेरीविरुद्ध व्हिएन्नाच्या बाजूने लढून त्यांच्या पदरात काहीच पडले नाही. उलट नव्या सरकारने स्लोवाक मुलखाच्या कारभारासाठी जी भाषा निवडली, ती कोल्लार यांच्या पसंतीची, थोडे स्लोवाक वळण दिलेली चेक होती.

इथून पुढचे श्टूर मला सर्वांत जवळचे वाटतात. १८५१ च्या जानेवारीत त्यांचे भाऊ कारोल वारले. ते मोद्रा या द्राक्षांच्या गावी पाद्री होते, मागे सात मुले. श्टूर अविवाहित होते. राष्ट्रकार्य करणाऱ्याने प्रेमात अडकू नये, अशी शिकवण ते विद्यार्थ्यांना देत आले होते, आणि हालेहून परतताना भेटलेल्या एका तरुणीपासून ते स्वतःही त्याच हट्टापायी दूर झाले होते. आता ते मोद्राला भावाच्या मुलांसाठी जाऊन राहिले. त्याच वर्षी वडील गेले. १८५३ मध्ये त्यांची जिवलग मैत्रीण आदेला ओस्त्रोलूत्स्का गेली, आणि काही महिन्यांत आईही. पोलिसांची पाळत होतीच.

त्या १८५१ च्या ऑक्टोबरमध्ये ब्रातिस्लाव्यात एक बैठक झाली. मार्टिन हत्ताला या तरुण कॅथलिक भाषाशास्त्रज्ञाने आणि होजा यांनी श्टूर यांच्या लेखनात सुधारणा सुचवल्या होत्या. कडक इ परत आणायचा. मृदू ल परत आणायचा. 'बोउ' जाऊन 'बोल' येणार. उच्चाराच्या बरोबरीने शब्दाची व्युत्पत्ती आणि इतर स्लाव भाषांशी नाते यांनाही मान द्यायचा. ज्या ज्या गोष्टी श्टूर यांनी वर्षानुवर्षे वाद घालून काढल्या होत्या, त्यांतल्या बऱ्याचशा मागच्या दाराने परत येत होत्या. श्टूर यांनी होकार दिला. १८५२ मध्ये हत्ताला यांचे छोटे व्याकरण निघाले, त्याच्या प्रस्तावनेखालच्या सह्यांत श्टूर यांचीही सही आहे.

सव्वीस वर्षे लेखकांशी वेलांटीवरून भांडून मला एवढे कळते, की स्वतः घडवलेल्या नियमाविरुद्ध सही करणे ही लहान गोष्ट नव्हे. १८४६ च्या व्याकरणाच्या मुखपृष्ठावर 'रचलेली' या अर्थाचा जो शब्द आहे, त्यात कोवळा इ आहे. आज ते शुद्धलेखन चुकीचे ठरते. त्याहून गंमत त्यांच्या नावाची. तिथे ते 'लुदेवीत' असे छापले आहे, साध्या ल ने. आज जगभर त्यांचे नाव ज्या मृदू ल ने लिहितात, ज्याच्यासाठी मी देवनागरीत 'ल्यु' लिहीत आले आहे, ते अक्षर त्यांच्या वर्णमालेत नव्हतेच. त्यांच्या पद्धतीत त्यांचे आजचे नाव लिहिता येत नाही. उरली ती पायाची निवड: मधल्या मुलखाची बोली, आणि गुरूनंतर लघु येण्याचा तो ताल.

त्यांच्या शेवटच्या मोठ्या ग्रंथाविषयी लिहिणे मला अवघड जाते. १८४८ च्या अपेक्षाभंगानंतर त्यांनी स्लावांच्या भवितव्यावर एक पुस्तक लिहिले. स्लावांना एकच वाट उरली आहे ती रशियाची, असे त्यात म्हटले आहे. सर्वांनी रशियाशी एक व्हावे, ऑर्थडॉक्स पंथ घ्यावा आणि साहित्याची समान भाषा म्हणून रशियन स्वीकारावी. पुस्तक लिहिले जर्मन भाषेत, प्रसिद्ध झाले ते मरणोत्तर, १८६७ मध्ये मॉस्कोत, रशियन भाषांतरात. चार लेखनभाषांऐवजी पाच हव्यात म्हणून ज्याने गुरुजनांचा रोष ओढवून घेतला, त्याने शेवटी एकीवर यावे! शिक्षिकांना मी याविषयी विचारले, तेव्हा त्या बराच वेळ चहा ढवळत राहिल्या आणि "ते फार एकटे होते," एवढेच म्हणाल्या. मला हे पुरेसे उत्तर वाटत नाही. एकटेपणाने माणूस खचतो, पण एखाद्या साम्राज्यावर एवढा भरवसा ठेवायला एकटेपणाखेरीज एक जुना भ्रमही लागतो, आणि तो देवीनच्या पडक्या भिंतींतच रुजला होता.

मोद्रा ब्रातिस्लाव्यापासून तासाभराच्या आत येते. आम्ही गेलो तेव्हा वेलींची पाने पिवळी झाली होती. २२ डिसेंबर १८५५ रोजी या गावाबाहेर श्टूर शिकारीला गेले होते. खड्डा ओलांडताना बंदूक उडाली आणि गोळी त्यांच्या मांडीत शिरली. तीन आठवडे ते अंथरुणावर होते. १२ जानेवारी १८५६ रोजी ते वारले, तेव्हा वय चाळीस. त्यांच्या नावाने आज स्लोवाक विज्ञान अकादमीची भाषासंस्था आहे, एक अख्खे शहर आहे, राजधानीत चौक आहे. युरो येण्याआधीच्या पाचशेच्या नोटेवर त्यांचे चित्र होते. मोद्रात एक संग्रहालय आहे आणि स्मशानात त्यांची कबर.

परतल्यावर त्या सहलीविषयी मी स्लोवाकमध्ये एक पानभर मजकूर लिहिला आणि खालच्या मजल्यावर नेऊन दाखवला. शिक्षिकांनी चश्मा लावला, लाल पेन काढले आणि एकेका शब्दावर गोल करीत गेल्या. सात ठिकाणी मी कडक इ च्या जागी कोवळा लिहिला होता. "श्टूर यांनी तुम्हाला पैकीच्या पैकी गुण दिले असते," त्या म्हणाल्या, आणि पान उलटून आठव्या चुकीवर गोल केला.